येते म्हणाली होती

आप्पांच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली आणि घरादाराची पंचाईत झाली.

वर्षभर त्यांना सगळं धुकट दिसत होतं. धुकट दिसणारा म्हातारा घराला सोयीचा असतो. त्याला भिंतीची ओल दिसत नाही, सुनेच्या कपाळावरची आठी दिसत नाही. आता दिसायला लागल्यावर मात्र, सगळा जन्म वकिलीत घालवलेल्या या माणसानं सकाळपासून एकेकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचा सपाटा लावला होता. त्यातून रविवार. त्यांना बघायला सगळे जेवायला जमलेले, म्हणजे साक्षीदारांना तोटा नाही.

"ठमे, तुझे केस कधी पिकले गं?"

"तुम्ही तुमची अशिलं माझ्या गळ्यात बांधलीत ना, त्या दिवसापासून," त्यांची वकील लेक म्हणाली.

"आणि या चिरंजीवांचं पोट?"

"ते मी कमावलेलं नाही, आप्पा. वारसाहक्कानं आलंय," दादा म्हणाला, आणि वहिनी स्वयंपाकघरातून हसली.

आप्पांची नजर फिरत फिरत भिंगरीवर आली. भिंगरी ही दादाची लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. आता बापाच्या औषधाच्या दुकानाची गाडी घेऊन ती दारोदार औषधं पोचवायची, म्हणजे नाव सार्थच केलं होतं. आज मात्र ती टेबलाशी उभी राहून पुसलेले पेले पुन्हा पुसत होती.

"ही पोर रडलीय," आप्पा म्हणाले.

"कांदा चिरला, आप्पा."

"कांदा दोन्ही डोळ्यांना सारखा झोंबतो. तुझा डावा जास्त सुजलाय. कुशीवर निजून रडलीयस तू."

पेला भिंगरीच्या हातात तसाच राहिला. दादा एकाएकी खिडकीबाहेर बघू लागला. वहिनी पदराला हात पुसत दारात आली, आणि ती काही विचारणार तोच भिंगरी आत्याला म्हणाली, "आत्या, जरा बाहेरच्या खोलीत चल ना. आणि कोट घाल."

या घरात 'कोट घाल' म्हणजे काय ते मांजरालाही ठाऊक होतं. वकिलीचा काळा कोट बाहेरच्या खोलीच्या दारामागे टांगलेला असायचा. तो अंगात असताना जे ऐकलं, ते त्या माणसाच्या परवानगीवाचून जगात कुणाला सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, देवाला नाही. ही रीत आजीनं पाडली होती. एकदा नवऱ्याशी भांडताना ती म्हणाली होती, "आता सांगतेय ते नवऱ्याला नाही, वकिलाला. घाला तो कोट." आप्पांनी बनियनवर कोट चढवला होता.

"झालं! जावई शोधला वाटतं हिनं," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज हसला नाही.

*

बाहेरची खोली म्हणजे ठमी वकीलबाईंचं ऑफिस. तीन फळ्या, आणि त्यांच्या कडांवर आप्पांनी तरुणपणी खडूनं लिहिलेले, पुढे लेकीनं रंगानं गिरवून घेतलेले तीन शब्द: पाय, कोठडी, छप्पर. पाय म्हणजे अपघात, कोठडी म्हणजे फौजदारी, छप्पर म्हणजे भाडेकरू आणि घरमालकांची भांडणं. आप्पा म्हणायचे, माणसाचं जे काही जायचं ते या तिन्हीतलंच, बाकी सगळं फक्त हरवतं.

कोटाची बटणं लावता लावता तिनं समोरच्या खुर्चीवरची फाईल उचलली. ती फाईल कुठल्या फळीवर ठेवावी हे शुक्रवारपासून ठरत नव्हतं, म्हणून ती खुर्चीतच बसून होती. फाईल एका रंगाऱ्याची. घरं रंगवणारा माणूस, कुबड्या घेऊन आला होता. पायाच्या पांढऱ्या प्लास्टरवर त्यानं स्वतःच हिरवी वेल काढली होती. "रिकामी भिंत बघवत नाही हो," असं म्हणाला होता. खरं तर तो आला होता छपरासाठी. पाय मोडून घरी बसला, तर घरमालकानं खोली खाली करायची नोटीस धाडली होती. पायाची गोष्ट तिनं खोदून विचारली तेव्हा कुठे निघाली.

"धडक देऊन पळाले का?" तिनं विचारलं होतं.

"नाही, नाही. थांबली की गाडी. पोरगी उतरली. मी सायकलला शिडी बांधून चाललो होतो, लाकडाच्या वखारीच्या वळणावर शिडीलाच धक्का बसला, आणि मी शिडीखाली. घाबरली बिचारी. येते म्हणाली होती. म्हणून थांबलो मी."

"थांबलात म्हणजे?"

"एक टेम्पोवाला म्हणत होता, दवाखान्यात सोडतो. मी म्हटलं, नको, पोरगी येते म्हणालीय, माणसं आणायला गेली असेल. ती परत आली आणि मी जागेवर नसलो, तर जिवाला घोर नाही का लागणार तिच्या?"

तो दिवे लागेपर्यंत तिथं बसून होता. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. हाड जुळेल, पण शिडी चढता येईल असं सांगवत नाही. रंगाऱ्याला शिडी चढता न येणं म्हणजे काय, हे त्यानं तिला समजावून सांगितलं नाही. खोलीचं छत तेवढं न्याहाळलं, आणि म्हणाला, "हे कुणी केलंय? कोपरे चुकलेत."

तिनं त्याला सांगितलं होतं, "तुमचा पाय आणि तुमचं छप्पर, दोन्ही आता माझं."

फाईल मांडीवर पालथी ठेवून ती भाचीला म्हणाली, "बस. बोल."

भिंगरी खुर्चीत बसली. बोलायला लागली ती मधूनच, जसा धाग्याचा गुंडा मधूनच सुटतो.

"हिरवा रंग होता, आत्या. सगळ्या रस्त्यावर. मला आधी कळेचना की रक्त असं हिरवं कसं. मी उतरले. ते शिडीखाली होते. मी म्हटलं, काका, लागलं का. तर म्हणाले, काही नाही पोरी, शिडी तेवढी उचल. मी उचलली. आणि मग माझ्या तोंडून…" ती थांबली.

"काय?"

"रोज दारोदार म्हणते तेच. औषध दिलं, पाठ फिरवली, की म्हणते ना मी. 'येते हं, काका.' सवयीनं आलं गं तोंडात. गाडीत बसले आणि निघून आले. आपण कुणी 'जाते' म्हणतो का कधी? आई लहानपणी मारायची जाते म्हटलं की. येते म्हटलं, आणि गेले मी."

वकीलबाईंचा हात वरच्या बटणाशी गेला आणि तिथंच थांबला. मांडीवरची फाईल तव्यासारखी तापली.

"पुढे बोलू नकोस," ती म्हणाली.

"का?"

तिनं कोट काढला. एक बाही उलटी झाली, ती सरळ करायला तिनं नको तितका वेळ घेतला. "मी तुझी वकील होऊ शकत नाही, राणी."

"अगं, पण आत्ताच तर…"

"आत्या आहे. मरेपर्यंत आहे. वकील नाही."

"का पण?"

"ते सांगता येत नाही."

भिंगरीनं तिच्याकडे बघितलं, मग फाईलकडे. वकिलाच्या घरात वाढलेली पोर. सांगता येत नाही असं वकील कधी म्हणतो, हे तिला कुणी वेगळं शिकवायला नको होतं. चटका बसल्यासारखी ती खुर्चीतून उठली.

"इथंच बसले होते ते?"

आत्या बोलली नाही. या धंद्यात गप्प बसणं हेही उत्तर असतं, म्हणून आपल्या गप्प बसण्याला काही आकारच येऊ नये अशी तिची धडपड चालली होती. जे एक वाक्य या पोरीला सांगायला हवं होतं, ते वाक्य दुसऱ्याचं होतं. तो थांबला होता. तुझी वाट बघत थांबला होता. ज्याचं वाक्य, त्याच्या परवानगीवाचून ते दाराबाहेर जाऊ शकत नव्हतं.

आणि उद्या त्या माणसालाही तिला हेच म्हणावं लागणार होतं. सांगता येत नाही. दोन्ही माझं असं मी म्हणाले होते, आता एकही माझं नाही.

*

वहिनीनं भात वाढायला घेतला होता, तेव्हा लेक येऊन टेबलाशी उभी राहिली आणि सगळ्यांदेखत बोलली. कोटातली गोष्ट तिची होती, ती तिनंच उघड केली. चारच वाक्यं बोलली असेल: शिडी, रस्ताभर हिरवा रंग, 'येते हं, काका', आणि परत गेले नाही. वहिनीच्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला.

हिला पाळण्यात घालून सासूबाई म्हणायच्या ते तिला उगाच आठवलं:

*भिंगरी गं माझी लेक, फिरे अंगणी अंगणी,*
*तिला थांबवू मी कशी, तिचा दोर तिच्या मनी.*

"कुणी बघितलं का?" दादानं विचारलं.

"बाबा!"

"विचारतोय फक्त. कुणी बघितलं का तुला?"

"हळू बोला," वहिनी म्हणाली आणि खिडकी लावून आली. खिडकी लावताना तिच्या लक्षात आलं, की आपण नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो आहोत. राहू दे. आईला कसली आली बाजू. "आठवडा होऊन गेला. कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही. त्या माणसाला जे काही लागेल ते आपण गुपचूप पोचवू. औषधं तर घरचीच आहेत. चव्हाट्यावर कशाला न्यायचं?"

"ठमे, तू बोल काहीतरी," दादा बहिणीकडे वळला. "तू वकील आहेस ना?"

"या कामात नाही, दादा. हिची नाही."

"मग कुणाची? त्याची?"

ठमीनं समोरचं ताट उगाच सरळ केलं.

"म्हणजे त्याची! स्वतःच्या भाचीविरुद्ध?"

"कुणाचीच नाही, दादा. तेच तर दुखणं आहे माझं."

"सोंगं करू नकोस!" दादानं टेबलावर हात आपटला. पेले एकमेकांना लागले. "जन्मभर आप्पांनी आणि तू दुनियेची पोरं सोडवलीत. चोर सोडवलेत, डोकी फोडणारे सोडवलेत. जेवणाच्या ताटावरून उठून ठाण्यावर गेलीयस तू, कुणाच्या कोण पोरांसाठी! आणि आज आपल्या पोरीची वेळ आली, तर म्हणे सांगता येत नाही?"

ठमीनं भावाकडे बघितलं. वहिनीला दिसलं, नणंदेचे ओठ लहान मुलासारखे दुमडले होते. तिला वाटलं, जाऊन हिच्या पाठीवर हात ठेवावा. पण ती गेली नाही. तिला आधी एक गोष्ट हवी होती.

"तो माणूस जिवंत आहे ना?"

"वहिनी, मला विचारू नकोस गं."

"तोंडानं नको सांगूस. मान हलव नुसती."

ठमी हलली नाही. वहिनीनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं, मग तिच्या ताटाकडे, मग सुस्कारा टाकून खाली बसली.

"आहे. जिवंत आहे. काल रात्रीसुद्धा हिनं माझ्याकडून दोनदा भात मागून घेतला. कुणी मेलेलं असलं की हिच्या घशाखाली घास उतरत नाही, मी काय आज ओळखते का हिला?"

एवढ्यातही आप्पा खुदकन हसले. "सूनबाई, तू वकील व्हायला हवी होतीस."

"मला वकिलाची सून व्हायलाच जड गेलं, आप्पा," ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. मग तिला नवऱ्याचा मघाचा चेहरा आठवला. खिडकीबाहेर बघणारा. "अहो. गाडीचा पुढचा पत्रा तुम्ही स्वतः ठोकून आणलात ना मागल्या आठवड्यात? म्हणालात, फाटकाला घासला."

"हिनंच सांगितलं फाटकाला घासला म्हणून."

"आणि हिरवा रंग? आपलं फाटक तर काळं आहे."

दादानं ताटातला भात बोटानं एका कडेला सारला. मग दुसऱ्या कडेला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी विचारलं नाही."

"विचारलं नाही म्हणजेच माहीत होतं," वहिनी म्हणाली. आणि मघाशी लावलेली खिडकी तिनं उठून उघडली.

*

पत्रा ठोकणारा शेजारी उभा होता आणि दादा स्वतः चिंधीला रॉकेल लावून तो हिरवा रंग पुसत होता, हे आता या घरात सांगून काय उपयोग होता? तीच गाडी. तिच्यातच त्यानं पोरीला शिकवलं होतं. रिकाम्या मैदानात, "हळू, हळू, पाय हलका ठेव" म्हणत. पोरगी पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन वळणाआड गेली, तेव्हा ती परत दिसेपर्यंत त्यानं श्वास घेतला नव्हता. तसाच श्वास धरून तो गेला आठवडाभर जगत होता. मनात एकच शब्द. आप्पांच्या मधल्या फळीवरचा: कोठडी.

"आप्पा, तुम्ही तरी हिला सांगा," तो म्हणाला. "घरात वकील असून पोरीला वकील नाही?"

"कोण म्हणतं नाही?" आप्पा म्हणाले. "ही नाही, एवढंच. दुसरा आहे की."

"कोण?"

"खाकरे."

टेबलावरचं सगळं एकदम थांबलं. हे नाव या घरात घ्यायची पद्धत नव्हती. खरं तर ते नावही नव्हतं. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारा आप्पांचा हाताखालचा वकील, अर्धी अशिलं घेऊन बाहेर पडला आणि समोरच्याच गल्लीत पाटी लावून बसला. त्यावर आप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. कोर्टातसुद्धा ते न्यायाधीशांना सांगायचे, "माझ्या विरुद्ध पक्षाच्या वकिलांना कळवावं…" आणि तो पाऊलभर अंतरावर उभा असायचा.

"आप्पा, त्या माणसाशी तुम्ही…"

"फोन दे इकडे. आकडे मला दिसतात आता."

फोन लागला. सगळ्यांना पलीकडचं खाकरणं ऐकू आलं. आप्पा डोळे मिटून बोलले, जसे ते मोठ्या खटल्यात बोलायचे.

"मी बोलतोय. हो, मीच. नाही, मेलो नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ऐक. माझ्या नातीला वकील हवाय, गाडीनं माणसाला धक्का लागलाय. ठमीला घेता येत नाही… बरोबर ओळखलंस. तेच कारण. …नाही रे, सगळ्यांसमोर नको, तिच्या गोष्टी तिनं तुला एकटीनं सांगाव्यात. …काय? मिठाई कसली मागतोस, गाढवा?" मग आवाज खाली गेला. "बरं. ये. तुझी खुर्ची मोडली होती, दुसरी आहे."

फोन खाली ठेवून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि खुर्ची भिंगरीकडे वळवली.

"खाकरे येऊन तुला कायदा सांगेल. मी आता वकील नाही, नुसता म्हातारा आहे, म्हणून मला काहीही विचारता येतं. मला सांग, तू दारोदार येते हं, येते हं म्हणतेस. त्यातलं कुणी तुझी खरंच वाट बघतं का?"

भिंगरीला प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे तू येते म्हणालीस, म्हणून कुणी थांबतं का?"

"कोपऱ्यावरच्या आजी थांबतात," ती म्हणाली. "त्यांना नीट दिसत नाही. मी येते म्हटलं की त्या दाराला कडीच लावत नाहीत. कितीदा सांगितलं, आजी, मी एकदम पुढल्या आठवड्यात येणार आहे. तरी दार उघडं ठेवून बस…"

'बसतात' हा शब्द तिला पुरा करता आला नाही.

ठमी पाठमोरी होऊन कपाटातली ताटं उगाच लावत होती. आप्पांना सगळं कळलं आहे, हे तिला कळलं. कुणीही न सांगता, कुठलीही फाईल न उघडता. ती वळली नाही. वळली असती तर पोरीनं तिचा चेहरा वाचला असता.

"आत्या," मागून भिंगरीचा आवाज आला, अगदी लहान. "तू काही सांगू नकोस. मी काही विचारत नाही. मी जाणार आहे."

"कुठे?" दादा उठला.

"आधी त्या काकांकडे."

"आधी ठाण्यावर," दारातून खाकरून कुणीतरी म्हणालं. चपला हातात घेऊन, शर्टाच्या गुंड्या खालीवर लावलेला एक पिकल्या केसांचा माणूस उंबऱ्याशी उभा होता. दोन घरांमधली गल्ली त्यानं बहुधा धावत ओलांडली होती. "त्यांच्याकडे नंतर. आणि तेही, ते भेटतो म्हणाले तरच. भेटायचं की नाही हे आता त्यांनी ठरवायचं, बाळ, आपण नाही."

आप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं.

"म्हातारा झालास रे," ते म्हणाले.

"तुम्हाला आज दिसलं," खाकरे म्हणाले.

*

खाकरे वकील भिंगरीला घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. त्यासाठी ठमीनं आधी आपल्या फळ्यांवर चादर टाकली आणि ती एक फाईल घेऊन मागच्या पायरीवर आली. रंगाऱ्याला फोन लावला. उद्यावर टाकावंसं वाटलं, पण टाकलं नाही.

"वकीलबाई! बोला." मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"तुमचं काम मला करता येणार नाही," ती म्हणाली. "पायाचंही नाही आणि खोलीचंही. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत अजून आहे, ती जाऊ देणार नाही. माझ्याकडे शिकलेली एक हुशार मुलगी आहे, तिच्याशी आत्ताच बोलते. कागद तुमच्या हातात देते, तुम्ही तिला द्या. ती उद्या सकाळी तुमच्या घरी येईल."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग?"

"कारण सांगता येत नाही."

पलीकडे भांडी वाजत राहिली. ती डोळे मिटून बसली. शिव्या दे बाबा, तिला वाटलं. एकदा मनसोक्त शिव्या दे.

"बरं," शेवटी रंगारी म्हणाला. "सांगून चाललात, हे तरी बरं केलंत."

फोन बंद झाल्यावर ती पायरीवरून उठली नाही. वहिनी कधी येऊन मागे उभी राहिली ते तिला कळलं नाही. वहिनीनं नणंदेचे सुटलेले केस हातात घेतले, पीळ दिला आणि घट्ट बांधले. लग्न होऊन या घरात आली तेव्हा शाळकरी ठमीचे बांधायची, तसे.

"मघाशी मला तुझा राग आला होता," वहिनी म्हणाली.

"मला माहितीय."

"अजून आहे थोडा."

"असू दे."

*

ठाण्याच्या फाटकाशी गाडी थांबली. दादानं ती इतकी हळू चालवली होती, की वाटेत एक सायकलवालासुद्धा वळून बघत पुढे गेला होता. ओसरीच्या पायरीशी भिंगरी आईकडे वळली. तोंड उघडलं, सवयीचा शब्द ओठांवर आला असावा, तो तिनं गिळला.

"आई, मी आत जाते."

जन्मभर ज्या शब्दासाठी लेकीला चापट्या मारल्या, तो वहिनीनं ऐकून घेतला. लेकीच्या कपाळावर ओठ टेकले.

"जा," ती म्हणाली.

खाकरे आणि भिंगरी आत गेले. दार लागलं. ओसरीवर भिंतीला टेकून एक लांब बाक होता. ठमी या बाकासमोरून आजवर किती वेळा गेली असेल त्याची गणती नव्हती. नेहमी घाईत, काखेत फाईल, बाकावरच्या लोकांच्या गुडघ्यांना वळसा घालून. त्यांच्याकडे बघून न थांबता म्हणायचं, "काळजी करू नका," आणि आत. आज तिला पहिल्यांदा दिसलं, की बाकाची मधली फळी बसून बसून खोलगट झाली आहे.

"वकीलबाई, बाहेर कशाला उभ्या? या आत," ओळखीचा हवालदार म्हणाला.

"मी वकील नाही आज. आत्या आहे."

हवालदाराला आधी समजलं नाही. मग समजलं, तेव्हा तो एकदम गंभीर झाला आणि त्यानं तिला नेहमीच्या आवाजात, जसा तो सगळ्यांशी बोलायचा, सांगितलं, "मग तिकडे बसा. दारात गर्दी करू नका. आतून बोलावल्याशिवाय कुणी यायचं नाही."

ती बसली. दादा होता, आप्पा होते, वहिनी होती. दादानं हात दोन्ही गुडघ्यांत धरले होते. आप्पा समोरच्या भिंतीवरचं सगळं वाचत होते, मिळालेल्या नव्या डोळ्यांनी, हरवलेल्यांच्या फोटोंखालची बारीक अक्षरंसुद्धा.

"ठमे," दादा म्हणाला. "टेबलावर मी जे बोललो…"

"बोलायलाच हवं होतंस. बाप आहेस."

"आत काय विचारत असतील गं तिला?"

आत काय विचारतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कुठलं टेबल, कुठल्या बाजूची खुर्ची, आधी काय, मग काय, कुठल्या प्रश्नाला नवखा माणूस अडखळतो. 'काळजी करू नका' हे तीन शब्द तिच्या जिभेवर तयार होते, पाठ झालेले, गुळगुळीत. भावाच्या तोंडाकडे बघून ते तिला म्हणवले नाहीत.

"माहीत नाही रे," ती म्हणाली.

दादानं मान हलवली. त्याला उलट थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. बाकाच्या टोकावर ऊन आलं होतं, म्हणून वहिनी आत सरकली, दादा सरकला, आणि ठमी त्यांच्या मध्ये, त्या खोलगट जागेत आली. दोन्हीकडून खांदे लागले.

दाराआड कुणीतरी प्रश्न विचारला. मग भिंगरीचा आवाज आला. आधी पुसट, मग जरा मोठा, मग सलग. शब्द कळत नव्हते. चौघंही कळत असल्यासारखे ऐकत बसले.